भोंगा वाजतो, पण तो कळतो कोणाला?

गेल्या महिन्यात शहरापासून काही कोसांवरच्या एका रेल्वे फाटकावर एक अपघात घडता घडता राहिला. वर्तमानपत्रात त्याची बातमी आली नाही, कारण कोणी दगावले नाही. आमच्या मंडळाच्या एका सभासदांच्या चुलती, वय सत्तरीच्या पुढे, डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन शेताकडून घरी येत होत्या. फाटक पडलेले होते. समोरून मालगाडी गेली. शेवटचा डबा पुढे सरकताच काकू नेहमीच्या सवयीने दांडीखालून वाकून निघाल्या. भोंगा अजून वाजतच होता. फाटकवाला खोलीतून धावत आला आणि त्याने हाताला धरून त्यांना मागे ओढले. भारा खाली पडला. तो उचलायला काकू वाकतात तोच पलीकडच्या रुळावरून उलट दिशेची एक्स्प्रेस निघून गेली.

काकू उलट त्या फाटकवाल्यावरच रागावल्या. "गाडी गेली न्हवं? मग कशाला वडतोस बाबा?" हे त्यांचे शब्द. तो मुलगा परप्रांतातला. त्याला त्यांचे बोलणे कळले नाही आणि त्यांना त्याचे. फाटकाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. त्या मुलाने आपले काम चोख केले आहे. आमच्या लिहिण्यामुळे त्याच्यामागे चौकशीचे लचांड लागावे, अशी आमची इच्छा नाही.

पण वाचकहो, या प्रसंगाचा विचार मात्र केला पाहिजे. काकू काही अडाणी नाहीत. पन्नास वर्षे त्या हेच रूळ ओलांडत आल्या आहेत. त्या काळात येथे एकच रूळ होता आणि एक गाडी गेली की दुसरी लगेच येणे शक्यच नव्हते. "गाडी गेली, रस्ता मोकळा" हा त्यांचा हिशेब तेव्हा बरोबर होता. आता दुसरा रूळ पडला, विजेच्या तारा आल्या, फाटकाची यंत्रणा बदलली आणि तोच हिशेब जिवावर बेतणारा झाला. बदल झाला, पण तो काकूंना कोणी सांगितला? आमच्या या लेखाचा विषय एवढाच आहे.

आमच्या आजोबांच्या पिढीने सदर्न मराठा रेल्वेच्या गोष्टी सांगितल्या. आम्ही लहान असताना मीटरगेजच होती. फाटकवाला गावातलाच असे. तो हाताने चाक फिरवून दांडी खाली करी आणि गाडी लांब असली तर "जावा लौकर" म्हणून बैलगाडीला वाटही करून देई. संध्याकाळी कंदील लावी. त्याचा आवाज, इंजिनाची शिटी आणि रुळाची थरथर हेच गावाचे इशारे होते. 1990 च्या दशकात ब्रॉडगेज आली. पुढे मिरज–लोंढा मार्गावर दुहेरीकरण आणि विद्युतीकरणाची कामे झाली. डिझेल इंजिनाची घरघर लांबून ऐकू येई. विजेचे इंजिन त्या मानाने गुपचूप येते. म्हणजे कानाचा जुना आधारही कमी झाला.

ज्या फाटकाची गोष्ट आम्ही सांगितली तेथे अलीकडेच जुने चाक जाऊन विजेवर चालणारी दांडी आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लुकलुकणारे लाल दिवे लागले, भोंगा बसला आणि फाटक सिग्नलशी जोडले गेले. या जोडणीला 'इंटरलॉकिंग' म्हणतात. हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण त्याचा अर्थ नीट माहीत नसतो. तो साध्या शब्दांत सांगतो.

आम्ही बँकेत नोकरी करणारे. आमच्या स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. एकट्याने मनात आणले तरी तिजोरी उघडत नाही. इंटरलॉकिंगचे तत्त्व असेच आहे. फाटक पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीचा सिग्नल हिरवा होऊच शकत नाही. आणि एकदा गाडीला सिग्नल दिला की ती गाडी निघून जाईपर्यंत फाटकवाल्याने कितीही ठरवले तरी फाटक उघडत नाही. सिग्नल परत लाल केला तरी ठरावीक वेळ जावी लागते. यंत्रच तशी मुभा देत नाही.

म्हणजे काय, तर फाटकवाल्याशी हुज्जत घालण्यात आता काही अर्थ राहिलेला नाही. "अजून गाडी लांब आहे, सोड की एवढी एक गाडी" असे पूर्वी म्हणता येई आणि तो भला माणूस कधीकधी ऐकेही. आज त्याच्या हातात ते नाही. गेल्या काही महिन्यांत त्याच फाटकावर आमच्या लोकांनी त्या मुलाला शिव्या दिल्या, पोरांनी दांडी वर उचलून मोटारसायकली काढल्या आणि उसाच्या एका ट्रॅक्टरवाल्याने तर त्याच्या अंगावर धावून जाण्यापर्यंत मजल मारली. त्यांना वाटले, हा मुद्दाम अडवतो. यंत्र अडवते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

दुसरी गोष्ट भोंग्याची. एक गाडी गेल्यावर भोंगा वाजत राहिला तर त्याचा अर्थ 'दुसरी येते आहे' असा धरायचा. आमच्या गावांत त्याचा अर्थ 'भोंगा बिघडला आहे' असा झाला आहे! ज्या इशाऱ्याने सावध व्हायचे, त्यालाच लोक वैतागतात. असा इशारा कितीही महागाचा असला तरी तो न वाजल्यासारखाच.

आता थोडा आकड्यांचा हिशेब मांडू. ब्रॉडगेजवरची सगळी बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी 2019 अखेर बंद झाली. ही मोठीच कामगिरी आहे आणि तिचे श्रेय द्यायला आम्ही कचरणार नाही. कारण त्याआधीच्या आठवणी फार वाईट आहेत. 24 जुलै 2014 रोजी तेलंगणात मेदक जिल्ह्यातल्या मासाईपेठ येथे अशाच बिनपहाऱ्याच्या फाटकावर नांदेड–सिकंदराबाद पॅसेंजरने शाळेच्या बसला धडक दिली आणि डझनाहून अधिक मुले गेली. हैदराबाद आणि मराठवाड्याकडच्या आपल्या बांधवांची ही रोजची गाडी. एप्रिल 2018 मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगर येथे पुन्हा तेच घडले. तेरा मुले गेली.

बिनपहाऱ्याची फाटके गेली, तरी पहाऱ्याची फाटके देशात 17 हजारांच्या आसपास आहेत. त्यांपैकी 11 हजारांहून अधिक इंटरलॉक झाली आहेत. उरलेल्या फाटकांवर स्टेशनमास्तर फोन करतो, फाटकवाला फाटक बंद केल्याचे सांगतो आणि दोघे खात्रीसाठी एकमेकांना गुप्त अंक देतात. सगळा भरवसा दोन माणसांच्या शब्दावर. 8 जुलै 2025 रोजी तमिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पम येथे अशाच इंटरलॉक नसलेल्या फाटकावर गाडीने शाळेच्या व्हॅनला उडवले आणि तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले. त्यानंतर लगेच रेल्वेमंत्र्यांनी आदेश काढले. सर्व फाटकांवर सीसीटीव्ही कॅमेरे लावावेत, फोनवरच्या संभाषणाच्या ध्वनिमुद्रणाची रोज तपासणी व्हावी आणि इंटरलॉकिंगसाठी वर्दळीची अट 10,000 वरून 7,500 एककांवर आणावी, असे त्यांत होते.

ही एकके म्हणजे काय, हेही आपल्या ग्रामपंचायतींना माहीत असले पाहिजे. दिवसभरात त्या फाटकावरून जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या. समजा एका फाटकावरून दिवसाला 40 गाड्या जातात आणि 200 वाहने रूळ ओलांडतात. गुणाकार 8,000 होतो. जुन्या अटीने हे फाटक बसत नव्हते, नव्या अटीने बसते. दुहेरीकरणाने गाड्या वाढल्या की वाहने तेवढीच राहूनही आकडा वाढतो. वर्दळ एक लाख एककांच्या पुढे गेली की उड्डाणपुलाचा किंवा भुयारी मार्गाचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकार यांच्यात वाटून घेण्याची पद्धत आहे.

या गुणाकारात दोन खाचा आहेत. पहिली, बैलगाडी मोजली जाते, पण पायी जाणारा माणूस मोजला जात नाही. म्हणजे आमच्या काकू या हिशेबात कोठेच नाहीत! दुसरी, मोजणी कोणत्या दिवसांत होते यावर बरेच अवलंबून आहे. श्रावणात मोजले तर रस्ता रिकामा दिसेल. गळीत हंगामात मोजले तर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली दिसेल. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर रचून भरलेला ऊस आणि रुळावरून चढताना गोगलगायीची गती. खरा धोका त्या दिवसांत असतो. मोजणी कधी होणार याची चौकशी करून ती हंगामात करून घेणे हे ग्रामपंचायतीच्या हातातले काम आहे. ते करायला मुंबई–दिल्लीला जावे लागत नाही.

फाटकेच नकोत, असेही एक मत आहे आणि ते वजनदार आहे. आपले डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने 2012 मध्ये अहवाल दिला. पाच वर्षांत देशातील सर्व फाटके काढून तेथे पूल वा भुयारी मार्ग करावेत, अशी शिफारस त्यात होती आणि त्यासाठी सुमारे 50 हजार कोटी रुपये खर्च धरला होता. तत्त्वतः हे खरेच आहे. जेथे रस्ता आणि रूळ एकमेकांना भेटतच नाहीत तेथे भोंग्याचे कामच काय? पण आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात कमी उंचीचा भुयारी मार्ग केला आणि पाण्याचा निचरा केला नाही, तर आषाढात त्याचा तलाव होतो. मग शाळेची मुले पुन्हा रुळावरूनच जातात आणि तेथे आता फाटकही नसते. भुयारी मार्ग हवाच, पण पाण्याच्या सोयीसकट हवा. तो होईपर्यंत फाटकावरचा इशारा चांगला हवा आणि लोकांना कळणारा हवा.

आणि येथे भाषेचा प्रश्न येतो. काही मंडळी म्हणतील, झाले, आली यांची गाडी मूळपदावर! प्रत्येक गोष्टीत यांना मराठीच दिसते. त्यांना आमचे नम्र सांगणे आहे की हा अस्मितेचा प्रश्न नाही. काकूंच्या जिवाचा आहे. कन्नड पाटी काढा, असे आम्ही म्हणत नाही. ती असलीच पाहिजे, कारण कन्नड बोलणारा शेतकरीही तेच फाटक ओलांडतो. तिच्याशेजारी मराठी पाटी लावा, एवढेच म्हणतो. "देवनागरीत हिंदी आहे ना, मग तुम्हाला कळतेच की," असे एका अधिकाऱ्याने आम्हाला तोंडी सांगितले. आम्ही विचारतो, सरकारी हिंदीत फाटकाला 'समपार' म्हणतात, तो शब्द आपल्यापैकी किती जणांना कळतो? रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेले असते. ती पाटी इंजिन चालवणाऱ्यासाठी आहे. फाटक जवळ आले, शिटी वाज, असे ती सांगते. त्याला त्याची भाषा मिळाली. मग पायी चालणाऱ्याला त्याची का मिळू नये?

यात कायद्याबाहेरचे काही नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने 1956 मध्ये जे निवेदन संसदेपुढे ठेवले, त्यात ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण 15 ते 20 टक्के आहे तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे तत्त्व मान्य केले आहे. राज्यघटनेच्या 350 (ब) कलमाखाली त्यासाठी एक आयुक्तही आहेत. खानापूर तालुक्यात मराठी भाषक किती आहेत हे सांगायची गरज नाही. जीव वाचवणारी सूचना महत्त्वाची नाही, असे कोण म्हणेल?

आम्ही आमच्या नोकरीतला एक अनुभव सांगतो. बँकेत संगणक आले, पुढे एटीएम यंत्रे आली, तेव्हा आमचे खातेदार असेच गोंधळले होते. म्हातारी माणसे यंत्राकडे पाठ करून परत खिडकीशी येत. तेव्हा आमच्या शाखेत एक महिनाभर एक कारकून त्या यंत्राशेजारी उभा केला होता. कार्ड कसे घालायचे, अंक कोणता दाबायचा, पैसे अडकले तर काय करायचे, हे तो ज्याच्या त्याच्या भाषेत सांगे. त्या महिन्यात यंत्राने जेवढे काम केले नसेल तेवढे त्या माणसाने केले. नंतर गरज उरली नाही. फाटकाची यंत्रणा बदलताना असा एक माणूस एक महिना उभा करायला कितीसा खर्च येईल? जेथे लाखो रुपयांची यंत्रणा बसते तेथे हा खर्च चहापाण्याचा आहे.

म्हणून मंडळाच्या वतीने आम्ही संबंधित कार्यालयाकडे पुढील मागण्या लेखी दिल्या आहेत आणि त्यांच्या प्रती आमदार, खासदार व ग्रामपंचायतींना पाठवत आहोत.

एक, ज्या फाटकाची यंत्रणा बदलेल तेथे बदलाआधी ग्रामसभेत त्याची माहिती द्यावी आणि पुढे निदान एक महिना स्थानिक भाषा जाणणारा माणूस फाटकावर ठेवावा.

दोन, "एक गाडी गेली तरी थांबा, दुसरी येत असेल" ही सूचना कन्नड आणि मराठीत, ठळक अक्षरांत, चित्रासह, दोन्ही बाजूंना लावावी. चित्र हवेच, न वाचता येणाऱ्यालाही जीव असतो.

तीन, इंटरलॉक नसलेल्या फाटकांची वर्दळ गळीत हंगामात मोजावी आणि नव्या अटीत बसणाऱ्या फाटकांचे काम आधी घ्यावे.

चार, भुयारी मार्ग करण्याआधी पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा गावाला दाखवावा.

मागण्या करून आमचे काम संपत नाही. आपल्यालाही काही हिशेब द्यायचा आहे आणि त्याची सुरुवात आम्ही स्वतःपासून करतो. रविवारी शेताकडे जाताना आम्हीही किती वेळा दांडीखालून स्कूटर तिरकी करून काढली आहे, ते मोजलेले नाही. घाई कसली, तर जेवायला उशीर होईल याची! रेल्वे कायदा 1989 च्या 160 व्या कलमाने बंद फाटक उघडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत आणि ते तोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानगीवाचून रुळावर शिरणे हा 147 व्या कलमाखाली गुन्हा आहे. पण शिक्षेच्या भीतीने नव्हे, तर मागे बसलेल्या मुलाने आपले पाहून तेच करू नये म्हणून आपण थांबायचे आहे.

घरोघरी एवढे तरी सांगा. भोंगा वाजत असेल तोपर्यंत गाडी येते आहे असे समजा, मग एक गाडी गेलेली का असेना. दांडी पूर्ण वर जाऊन दिवे विझेपर्यंत थांबा. फाटकवाल्याशी भांडू नका. वाहन रुळावर अडकले तर आधी माणसे उतरवून रुळापासून दूर न्या आणि फाटकवाल्याला हाक मारा. सिग्नल लाल करून गाडी थांबवण्याचा प्रयत्न तोच करू शकतो. ट्रॉलीवर ऊस किंवा कडबा भरताना फाटकाअलीकडच्या उंचीच्या कमानीचा विचार करा. ती वरच्या तारेतल्या विजेपासून तुमचा जीव वाचवण्यासाठी उभी केलेली आहे.

आमच्या मंडळाने ठरवले आहे की येत्या हंगामात दर बाजाराच्या दिवशी दोन सभासद त्या फाटकावर तासभर उभे राहतील. ते घोषणा देणार नाहीत, झेंडा नेणार नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला मराठीत आणि कन्नडमध्ये फक्त सांगतील, की दुसरी गाडी यायची आहे, जरा थांबा. ज्यांना येणे शक्य आहे त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. पहिले नाव काकूंनी सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "मी बसतो की तिथं. माझं बगून तरी लोक थांबतील."

आम्ही ते नाव यादीत सर्वांत वर लिहिले आहे.